म्हणाली की बोलली

खारशेत
३ ऑगस्ट २०२५

सोनल,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे शांतता. म्हणून शाळेच्या पत्त्यावर पत्र टाकते आहे. सगळ्यांसमोर हातात आलेलं पाकीट न फोडता परत करणं तुला जमणार नाही. पाचवीपासून ओळखते मी तुला.

कारण कामाचं आहे. तालुक्याने यंदा सगळ्या शाळांत शनिवारचा शेवटचा तास ‘ऐकायचा तास’ केला आहे. त्या तासाला शिक्षकाने शिकवायचं नाही. मुलं बोलतील, शिक्षक ऐकेल. परिपत्रकात सहा नियम आहेत आणि चौथा असा: मुलाचं बोलणं मध्येच सुधारू नये. वाचलं आणि थांबले. हे वाक्य तुझं आहे. परिपत्रकात तुझं नाव कुठेही नाही, पण वाक्य तुझं आहे.

आपल्या केंद्राचं ऐक. अकरा शाळा, तीनशे बारा मुलं. सगळ्यांचे डोळे तपासून घेतले, सत्तावीस जणांना चष्मे लागले. ते मी स्वतः गावोगाव फिरून मुलांच्या नाकांवर बसवून आले. एका पोराने चष्मा लावून पहिल्यांदा शाळेसमोरच्या आंब्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘याला पानं वेगळीवेगळी हायत!’ गेल्या दोन वर्षांत आपल्या एकाही मुलीने सातवीच्या आत शाळा सोडलेली नाही. एकाही नाही, सोनल. मी नोकरीला लागले तेव्हा याच गावांत पाचवीनंतरच्या मुली मोजायला एका हाताची बोटं पुरायची. व्यासपीठावर हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे. ज्यांच्या पणज्याला शाळेच्या पडवीत बसवलं, त्यांच्या पणत्या आज पहिल्या बाकावर बसून फळ्यावरची चूक दाखवतात. यावर आवाज चढवायचा नाही तर कशावर चढवायचा?

एक गाठ तेवढी राहिली आहे. जांभळीचा कोंड. एवढीशी आडवस्ती, चौदा मुलं आणि एक शिक्षक, सुजित. तू गेल्यावर आला, मनापासून शिकवतो. जुलैच्या वाचन चाचणीत चौदापैकी अकरा मुलं ‘अप्रगत’ ठरली. परीक्षकाने कागद भरून दिले, तालुक्याने घेतले. आता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फेरचाचणी. तिथेही असंच झालं तर ती शाळा बंद करून मुलांना इथे खारशेतला आणायचं, असा प्रस्ताव आहे. साडेपाच किलोमीटर. व्हॅन देऊ म्हणतात. अशी व्हॅन दिवाळीपर्यंतच चालते हे तुलाही ठाऊक आहे. मग मुलगे चालत येतात आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. एकाही मुलीने शाळा सोडली नाही, हे वाक्य मला पुढच्या वर्षी म्हणता येणार नाही.

ती शाळा तू सहा वर्षं चालवलीस म्हणून कळवलं. तिथल्या मुलांना वाचायला कसं बसवत होतीस, ते दोन ओळींत लिही. बाकी काही मागत नाही.

जयमाला तांबे
केंद्रप्रमुख


खारशेत
२४ ऑगस्ट २०२५

सोनल,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. तुझ्या जागी मी असते तर चार पानी उत्तर पाठवलं असतं आणि त्याच्या प्रती वाटल्या असत्या. हसलीस का? निदान तेवढं तरी.

काल कोंडावर गेले होते, ऐकायच्या तासाला. मुलं गोल करून बसली. कुणी खेकड्यांचं सांगितलं, कुणी माळ्यावर निघालेल्या सापाचं, कुणी मुंबईहून येणाऱ्या बापाच्या फोनचं. सापाच्या गोष्टीत साप दर वाक्याला हातभर वाढत होता. नियमाप्रमाणे मी तोंड मिटून बसले. गेली तीस वर्षं जी बाई माईकशिवाय मैदान गाजवते, तिला पस्तीस मिनिटं गप्प बसायला लावणारं हे परिपत्रक आहे. लिहिणारीला दाद दिली पाहिजे.

एक मुलगी काही बोललीच नाही. तिसरीतली कल्पिता, धर्माजीची. तुझ्याकडे पहिलीत होती. सुजित मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘बाई, जुलैपासून गप्प आहे. रोज सकाळी पोट दुखतं म्हणते. तालुक्याला डॉक्टरांना दाखवलं, पोटात काही नाही.’

पोषण आहार शिजवणारी आपली सखुबाई सुपात तांदूळ निवडत होती. मी तिला म्हटलं, ‘वाचता येत नाही म्हणून लाजत असेल पोरगी.’

‘कोन बोलला वाचता येत न्हाय?’

‘चाचणीत आलंय.’

‘मंग ती चाचनी माज्या चुलीत घाला. येवढी लाकडं तरी वाचतील. माला रोज कोन वाचून दावतं? तुमच्या पेटीतली गोष्टींची पुस्तकं अर्दी संपली आमची. मी तांदूल निवडते, ती वाचते.’

‘ऐकून पाठ झालेलं तुला म्हणून दाखवत असेल.’

‘बाई,’ सखुबाई सूप खाली ठेवून म्हणाली, ‘तुमी लई शिकलेल्या हायसा. भिंतीच्या पल्याड हुबं ऱ्हावा आन् ऐका.’

सोनल, मी उभी राहिले. तीन जिल्ह्यांत भाषणं दिलेली बाई, स्वयंपाकघराच्या भिंतीमागे चोरासारखी. पेटीतलं नवं कोरं पुस्तक मी स्वतः सखुबाईच्या हाती दिलं होतं, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. कल्पिता आली, बसली आणि वाचायला लागली. थांबली नाही, अडली नाही. तशाच दुसऱ्या प्रतीवर माझं बोट फिरत होतं. पुस्तकात होतं: ‘विहिरीत पाणी नाही. आई म्हणाली, मी नदीवर जाते.’ कल्पिता वाचत होती: ‘हिरीत पानी न्हाय. आय बोलली, मी नदीवं जाते.’

माझं बोट ‘म्हणाली’वर थांबलं. ‘म्हणाली’ आणि ‘बोलली’. पहिलं अक्षर जुळत नाही, मधलं जुळत नाही. ज्या मुलाला अक्षर येत नाही ते चुकलं तर तशाच दिसणाऱ्या शब्दावर जातं. ही अर्थावर गेली होती. छापलेलं डोळ्यांनी उचलून, समजून घेऊन, आपल्या घरच्या माणसाला आपल्या घरच्या बोलीत सांगत होती. याला वाचता न येणं म्हणतात? आपल्यातले कितीतरी पदवीधर असं वाचू शकत नाहीत.

मी भिंतीमागून पुढे आले. मला पाहताच तिने पुस्तक मिटलं आणि पोटावर हात ठेवला.

तो हात काल रात्रभर मला दिसत होता. आणखी काही लिहायचं होतं. पुढच्या पत्रात लिहीन.

तांबे बाई


खारशेत
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सोनल,

गणपतीला गावी आलेले सगळे मुंबईला परतले, शाळा पुन्हा भरल्या, आणि मला आता टाळायला कारण उरलं नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, ‘परीक्षकाने कागद भरून दिले’. तो परीक्षक मी. कोंडाची चाचणी मी घेतली. अकरा मुलांच्या नावांपुढे ‘अप्रगत’ माझ्या हाताने लिहिलं. कल्पिताचा कागद परवा कपाटातून काढून पाहिला. शालेत, आनी, न्हाय, आय, बोलली, हाय. सहा शब्दांभोवती लाल गोल, माझ्या सुवाच्य अक्षरात. ती प्रत्येक शब्द वाचत असताना मी मध्येच म्हणत होते, ‘नीट वाच. नीट. पुन्हा.’ पाचव्या ‘पुन्हा’नंतर ती थांबली ती थांबलीच.

आणि दुसरं. दोन वर्षांपूर्वीची शिक्षण परिषद. तू उभी राहून म्हणालीस, पहिली-दुसरीच्या वाचनात मुलाचा घरचा शब्द चूक धरू नये, मुलाचं बोलणं मध्येच सुधारू नये. बोलण्याच्या भरात तुझ्या तोंडून एकदा ‘न्हाय’ निघून गेलं. मी अध्यक्षांच्या खुर्चीवरून म्हणाले, ‘बघा, मास्तरणीच्या तोंडातूनच अजून कोंड गेला नाही, तर पोरांच्या तोंडातून काय जाणार!’ चाळीस शिक्षक हसले. माझ्या वाक्यांना लोक हसतात, टाळ्या देतात, मला त्याची सवय आहे. तू खाली बसलीस आणि त्या वर्षी उरणला बदली मागून घेतलीस. मी सगळ्यांना सांगितलं, तिला शहराजवळ जायचं होतं.

मी असं का बोलले ते सांगते. माफ करावंस म्हणून नाही, माहीत असावं म्हणून. माझे वडील बाळाराम सातबाऱ्यावर नाव लावायला कचेरीत गेले होते. मी बरोबर होते, नऊ वर्षांची. ते म्हणाले, ‘सायेब, माजं नाव न्हाय लागलं.’ कारकुनाने नाक दाबून त्यांची नक्कल केली, ‘न्हाऽऽय लागलं?’ सगळी कचेरी हसली. वाटेत वडील मला म्हणाले, ‘जयू, तू असं बोल की कोनाला हसाय येऊ नये.’ मी तसं बोलले, सोनल. आयुष्यभर. शब्द धुऊन, वाळवून, घडी घालून बोलले. आमच्यासाठी शुद्ध बोलणं हौस नव्हती. ती पायातली वहाण होती, काटे तुडवून जाण्यासाठी. त्या भाषेने मला व्यासपीठं दिली. तिच्यावरचा माझा विश्वास आजही ढळलेला नाही आणि ढळणार नाही. कोंडाच्या मुलांनाही ती मिळाली पाहिजे, तिच्यावर त्यांचा हक्क आहे.

पण त्या परिषदेत मी कारकून झाले. हे मला दोन वर्षं दिसलं नाही. सखुबाईच्या भिंतीमागे दिसलं.

गुरुवारी कोंडावर जाऊन कल्पिताला म्हटलं, ‘मी तुझ्या कागदावर सहा ठिकाणी लाल गोल केले. ते माझे चुकले.’

तिने बोटांवर मोजून पाहिलं. मग जुलैनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. ‘सा?’

‘सहा.’

‘आनी माजे किती चुकले?’

‘एकही नाही.’

‘मंग तुमाला परत चाचनी देवाय लागंल,’ ती म्हणाली आणि पळाली. सुजितने हसू दाबायला खडूचा डबा उचलून पाहिला. रिकामा होता.

सुजितने आता फळ्याचे दोन भाग केले आहेत. डावीकडे घरचं, उजवीकडे शाळेचं. मुलं आधी घरच्या शब्दात वाचतात, मग त्याच वाक्याचं शाळेचं रूप सांगतात. चूक कुणाचीच नाही. दोन्ही बाजू भरल्या की फळा जिंकला, असा खेळ आहे. पहिल्या दिवशी डावी बाजू आधी भरली. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा खिडकीतून शब्द सांगितले म्हणे.

फेरचाचणी तीन ऑक्टोबरला आहे. घ्यायला विस्तार अधिकारी मोकलसाहेब स्वतः येणार आहेत. मी परीक्षक नसेन, तसं मीच लिहून दिलं.

बाई


खारशेत
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सोनल,

परवा चाचणी झाली. क्रमाने सांगते, नाहीतर मी शेवटापासून सुरू करेन.

आधी मोकलसाहेबांना मी माझं म्हणणं चार पानांत दिलं होतं. ते भले माणूस आहेत, पण नियमाचे. म्हणाले, ‘बाई, तुमची तळमळ पोहोचली. पण कागदावर जे छापलंय ते मुलाने वाचायला हवं. मी घरचा शब्द बरोबर धरला तर उद्या कुणीही काहीही म्हणेल आणि बरोबर ठरेल.’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. मी पंधरा मिनिटांचं उत्तर तयार ठेवलं होतं. चांगलं होतं. त्यात एक ठिकाणी टाळी ठरलेली होती.

कल्पिताची पाळी आली. नवा उतारा. ‘बाजारात मासे नाहीत. आजी म्हणाली, उद्या येऊ.’ ती वाचू लागली, ‘बाजारात म्हावरा न्हाय. आजी बोलली, उंद्या येव.’

साहेबांची पेन्सिल उचलली गेली. ‘न्हाय? बाळा, पुन्हा वाच बघू.’

तो ‘पुन्हा’ माझ्या कानात तापलेल्या सळीसारखा गेला. मी खुर्चीवरून अर्धी उठले. पंधरा मिनिटं जिभेच्या टोकावर होती. सुजितने मला डोळ्यांनी खाली बसवलं. आणि कल्पिताने पोटावर हात ठेवला नाही. पेन्सिलीकडे पाहत ती म्हणाली, ‘साहेब, कोनासाठी वाचू?’

‘म्हणजे?’

‘सखुआजीसाठी वाचते ते असं. तुमच्यासाठी शालेचं वाचू का?’ आणि उत्तराची वाट न पाहता, एकेक शब्द खणखणीत, ‘बाजारात मासे नाहीत. आजी म्हणाली, उद्या येऊ.’ मग जरा थांबून, ‘दोनी येतात माला.’

मोकलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘बाई,’ ते मला म्हणाले, ‘माझ्या घरी आई आगरी बोलते. तिला पेपर वाचून दाखवताना मीसुद्धा हेच करतो. कधी लक्षात नाही आलं.’

माझं भाषण तसंच पर्समध्ये राहिलं. सोनल, मी हजारोंच्या सभा पाहिल्या आहेत, मोठमोठे वक्ते ऐकले आहेत. चार फुटांच्या पोरीने ‘कोनासाठी वाचू’ या दोन शब्दांत जे म्हटलं, ते मला माझ्या पंधरा मिनिटांत म्हणता आलं नसतं. ही मुलगी तुझ्या हाताखाली अक्षरं शिकली. अभिमान वाटून घे. मी तर घेतच आहे, परवानगी न विचारता.

तेरा मुलं प्रगत. चौदावा पहिलीतला, त्याला खरंच वेळ लागतो आहे, त्याच्यासाठी सुजितने वेगळी तयारी केली आहे. जुलैचे अकरा निकाल रद्द करण्याचा अर्ज मी तिथेच दिला. नमुन्यात ‘कारण’ असा रकाना होता. मी लिहिलं: परीक्षक अप्रगत. साहेब म्हणाले, ‘बाई, असं कार्यालयीन भाषेत चालत नाही.’ मी म्हटलं, ‘शुद्ध मराठी आहे. एक वेलांटी चुकली असेल तर दाखवा.’ त्यांनी सही केली.

काल शनिवारच्या शिक्षण परिषदेत त्याच दालनात चाळीस शिक्षकांसमोर सांगितलं की दोन वर्षांपूर्वी सोनल बरोबर होती, मी चूक होते, आणि तुम्ही हसलात तेही चूक होतं. टाळ्या पडल्या नाहीत. पडायला नकोच होत्या.

आता मुख्य गोष्ट. शाळा राहते आहे, पण अट आहे. दिवाळीनंतर तिथे पहिली-दुसरीसाठी दुसरं माणूस हवं. जागा रिकामी आहे आणि विनंती बदलीचे अर्ज महिनाअखेरपर्यंत घेतात. तू ये. ती शाळा तुझी आहे. मुलं तुझी आहेत. मी जानेवारीत निवृत्त होते. जाण्याआधी तुला त्या वर्गात उभी पाहायचं आहे. नाही म्हणू नकोस.

तुझी बाई


खारशेत
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय सोनल,

तुझं पत्र दिवाळीच्या सुट्टीत मिळालं. अर्ध्या पानाचं. पहिलंच वाक्य: ‘बाई, मी येत न्हाय.’

मी ते पुन्हा वाचलं. मग पुढचं. तुझ्या वर्गात त्रेचाळीस मुलं, बंदरावर ट्रेलर चालवणाऱ्यांची, मिठागरांवरच्यांची, कुठून कुठून आलेल्यांची. पाच बोली एका बाकावर. तू त्यांचं बोलणं ऐकत बसतेस आणि आता आजूबाजूच्या चार शाळांतले शिक्षक ते पाहायला येतात. ‘इथली पोरं सोडून मी आले तर मी तुमच्याकडून काय शिकले?’ आणि शेवटी, ‘राग हाय, बाई. कमी झालाय, पन हाय. तो जायला वेळ लागंल. त्याची घाई करू नका.’

आधी मी दुखावले. खरं लिहिते. मग पत्र घेऊन ओटीवर बसले आणि लक्षात आलं, पाचवीपासून तू मला कधी नकार दिला नव्हतास. ‘हो बाई. बरं बाई. चुकलं बाई.’ परिषदेतसुद्धा वाद न घालता खाली बसलीस. नकार देणार कशी? तुझ्याकडे नकाराला जो शब्द होता, तो मीच तुझ्या तोंडून काढून घेतला होता. ज्या मुलाचं ‘न्हाय’ आपण चुकीचं ठरवतो, त्याला आपल्याला नकार देताच येत नाही. हे मी कुठल्या ग्रंथात वाचलं नव्हतं. माझ्याच विद्यार्थिनीने मला नकार देऊन शिकवलं. त्रेचाळीस मुलांसाठी ती आपल्या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिली. मी तुझी बाई आहे, हे मी आता कुठल्याही व्यासपीठावरून सांगेन, माईक असो नसो.

तुझा राग तुझ्यापाशी राहू दे. मी घाई करणार नाही.

पण शाळेला माणूस हवंच होतं. मोकलसाहेबांकडे गेले. म्हटलं, केंद्रप्रमुखाने आठवड्याचे काही तास प्रत्यक्ष शिकवावेत असं तुमचंच पत्र आहे, मी ते जरा जास्त मनावर घेते. निवृत्तीपर्यंत सोमवार ते गुरुवार सकाळी मी कोंडावर, दुपारी बाकीच्या शाळा. निवृत्तीनंतर जोवर शासन माणूस देत नाही तोवर बिनपगारी. ते म्हणाले, ‘बाई, तुमचे गुडघे?’ मी म्हटलं, ‘गुडघे माझे आहेत, शाळा सगळ्यांची आहे.’

आज पहिला दिवस होता. एसटीतून उतरून चढण चढले. पहिली-दुसरीची सहा मुलं समोर बसली. दारात तिसरी-चौथीची पाहायला आली, सर्वांत पुढे कल्पिता. मला वाटलं, काहीतरी छान बोलून सुरुवात करावी. इतक्यात तीच म्हणाली, ‘बाई, तुमी आता रोजच येनार?’

माझ्या तोंडात ‘होय’ तयार होतं. धुतलेलं, वाळवलेलं, घडी घातलेलं. पण तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते वेगळंच.

‘व्हय,’ मी म्हणाले.

मग सहाच्या सहा मुलं, दारातली सगळी, सुजितसुद्धा, असा हशा पिकला की सखुबाई हातात पळी घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.

‘आरं काय झालं? कोन बोलला?’

‘बाई बोलल्या!’ सगळी एका आवाजात ओरडली. ‘बाई बोलल्या!’

जयू